पाणी जायची भोकं मीच बुजवली होती

डिसेंबरातली सकाळ, साडेसात वाजले असतील. वरच्या खोलीत गेले तर पश्चिमेच्या खिडकीतून रोज दिसणारा यवतेश्वरचा डोंगर दिसेना. थंडीचं धुकं उतरलं असेल म्हणून पल्ला उघडला. डोंगर जागेवर होता, घाटातून उतरणाऱ्या गाडीचा दिवासुद्धा स्पष्ट दिसत होता. पल्ला ओढून घेतला की पुन्हा सगळं पांढरं. ओढणीच्या टोकाने काच आतून पुसली, फरक नाही. हात बाहेर काढून बाहेरची बाजू पुसली, तरी नाही. बोट फिरवलं तर दोन्हीकडून काच कोरडी ठणठणीत. दव पडलं होतं ते दोन काचांच्या मध्ये, जिथे माझा हात पोचणारच नव्हता.

ही २०२३ ची गोष्ट. पुढचे सहा महिने मी त्या खिडक्यांच्या मागे होते. काय काय केलं, कुठे चुकले आणि कुठे जमलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण आता साताऱ्यात नव्या प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या बंगल्याला अशा दुहेरी काचेच्या खिडक्या दिसतात आणि त्यांची निगा कशी राखायची हे विकणारे सांगत नाहीत.

घर बांधलं २०१६ साली. पुणे–बेंगळुरू हायवेच्या सर्व्हिस रोडपासून आम्ही आत शंभरेक मीटरवर. रात्री अकरानंतर गावातली वाहतूक थांबते आणि हायवेची चालू होते, असं मामा म्हणतात. मामा म्हणजे माझे सासरे. ते एसटीत ड्रायव्हर होते. झोपेतसुद्धा ट्रकने गिअर कधी टाकला हे त्यांना कळतं, आणि कळलं की जाग येते. त्यांच्यासाठीच आम्ही सागवानी खिडक्यांचा हट्ट सोडला आणि यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या फ्रेमा, डबल काच घेतली. ५ मिलिमीटरची एक काच, मध्ये १२ मिलिमीटरची पोकळी, मग पुन्हा ५ ची काच. एकूण जाडी २२. पूर्वेला हायवेच्या बाजूची एक खिडकी मामांच्या खोलीत, आणि पश्चिमेला दोन.

एका साध्या काचेतून जितकी उष्णता आरपार जाते त्याच्या निम्मीच ह्या जोडीतून जाते. एका काचेचा आकडा ५.७ च्या आसपास, डबलचा २.८, म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असला तर दर चौरस मीटरमागे इतके वॅट. पण एप्रिल-मेचं पश्चिमेचं ऊन थेट काचेवर पडतं, ते साधी डबल काच फारसं अडवत नाही. त्याला बाहेरून छज्जा किंवा पडदाच लागतो. हे आम्हाला पहिल्या उन्हाळ्यात घामाघूम होऊन कळलं.

तर ते दव. मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे पहिल्यांदा डोकं तिकडेच गेलं. काचेवर पाणी तीन ठिकाणी साचू शकतं आणि तिन्हीचा अर्थ वेगळा. आतल्या बाजूला साचलं तर खोलीत वाफ जास्त आहे: भाताचा कुकर, गरम पाण्याची बादली, बंद खोलीत वाळत घातलेले कपडे. त्यात खिडकीचा दोष नाही, थोडी हवा खेळती ठेवली की जातं. पावसाळ्यात खोलीत एसी असेल तर बाहेरच्या बाजूला दव येतं, तेही पुसलं की जातं. पण दोन काचांच्या मध्ये आलं, तर काचेची जोडी फुटली आहे. काच न फुटता जोडी फुटते, हे मला आधी माहीत नव्हतं.

दोन काचांच्या मध्ये चारी बाजूंनी ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी असते. तिला बारीक छिद्रं असतात आणि पोटात ओलावा शोषणारे दाणे भरलेले असतात. औषधाच्या बाटलीत पुडी असते त्याच कामाचे. पट्टी आणि काच ह्यांच्यामध्ये ब्यूटाइलचा काळा चिकट थर, आणि त्याच्या बाहेरून पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉनचा जाड थर. हे दोन थर शाबूत आहेत तोवर आतली हवा कोरडी राहते. थर कुठे सुटला की बाहेरची दमट हवा थोडी थोडी आत शिरते. सुरुवातीला दाणे ती पिऊन टाकतात, म्हणून वर्षानुवर्षं काही दिसत नाही. दाण्यांचं पोट भरलं की मग पहिल्या थंडीत काच पांढरी होते. सकाळी दिसतं, दहा वाजता ऊन आलं की गायब. मी पहिले आठ-दहा दिवस त्या दहा वाजण्यावरच समाधान मानत होते. जानेवारीत खालच्या कडेला पाण्याची रेघ राहायला लागली, दुपारीसुद्धा. दुसऱ्या पश्चिमेच्या खिडकीच्या एका पल्ल्यातही कोपऱ्यात तसाच पांढरा डाग आला.

ज्यांच्याकडून खिडक्या घेतल्या ते दुकान तोवर बंद झालं होतं. वॉरंटीचा कागद होता, त्यावर सही होती, फोन मात्र लागत नव्हता. दुसऱ्या एका दुकानात विचारलं तर त्यांनी फोटो पाहूनच सांगितलं, पूर्ण खिडकी बदला, साडेअठरा हजार एका खिडकीचे. फ्रेम ठीक आहे, पल्ला ठीक आहे, बिजागऱ्या ठीक आहेत, मग सगळंच का फेकायचं, ह्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. आणखी एकाने सुचवलं की काचेला बारीक भोक पाडून आतलं पाणी सुकवून देतो. आमच्या काचा टफन आहेत. कोपऱ्यात तसा धुरकट शिक्का असतो, तो प्रत्येकाने आपल्या घरी बघून ठेवावा. टफन काच भाजून, मग वेगाने गार करून केलेली असते. तिला जी भोकं पाडायची, जी कापाकापी करायची ती भाजण्याच्या आधी. नंतर ड्रिल लावलं की अख्खी काच साबुदाण्याएवढे तुकडे होऊन खाली बसते. त्या माणसाला मी हात लावू दिला नाही, आणि तो निर्णय बरोबर होता.

शेवटी एमआयडीसीतले एक फॅब्रिकेटर, म्हणजे खिडक्या बनवणारे, भेटले. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, त्या ओळखीने रविवारी घरी आले. साठीच्या पुढचे गृहस्थ, बोलणं कमी. काचेकडे त्यांनी पाहिलंही नाही. पल्ला उघडला, गुडघ्यावर बसले आणि फ्रेमच्या खालच्या खाचेत बोट घातलं. बोट काळं होऊन बाहेर आलं. मग खिडकीबाहेर वाकून फ्रेमच्या खालच्या कडेला बघितलं.

“मॅडम, ह्यातनं पाणी जायाचं हुतं. हे कुणी बुजवलं?”

मी म्हटलं, “मीच.”

२०१७ चा जुलै. घरातला पहिला मोठा पावसाळा. पश्चिमेकडून वाऱ्यासोबत पाऊस आला की फ्रेमच्या खालच्या खाचेत पाणी साचलेलं दिसायचं. मला वाटलं, बाहेरून कुठून तरी पाणी शिरतंय. बाहेर वाकून पाहिलं तर फ्रेमला खाली दोन आडव्या फटी दिसल्या, करंगळीच्या पेराएवढ्या लांब. ह्यातूनच येत असणार, अशी माझी खात्री झाली. सिलिकॉनची नळी आणून मी त्या दोन्ही फटी नीट, बोटाने दाबून, बंद केल्या. दुसऱ्या खिडकीच्या फटी घराला बाहेरून रंग देताना रंगाऱ्याच्या पुट्टीने आधीच भरल्या होत्या.

फॅब्रिकेटरकाकांनी मला जमिनीवर बसवून समजावलं. उघडणाऱ्या पल्ल्याच्या खिडकीत थोडं पाणी आत येणारच, असं धरूनच फ्रेम बनवलेली असते. पल्ला आणि फ्रेम ह्यांच्यामध्ये दोन रबरं. बाहेरचं रबर ओलांडून आलेलं पाणी खालच्या खाचेत उतरतं आणि फटींमधून परत बाहेर जातं. आतलं रबर फक्त हवा अडवतं. पल्ल्यालाही खाली अशीच भोकं असतात, कारण काचेच्या कडेने झिरपलेलं पाणी पल्ल्याच्या पोटात उतरतं. फ्रेमच्या फटी बंद झाल्या की खाच भरते, पाणी पल्ल्याच्या भोकांपर्यंत चढतं, आणि मग पल्ल्यातलंही पाणी बाहेर पडेना. काचेची खालची कड पाण्यात उभी राहते. काचेच्या जोडीचा तो बाहेरचा थर पावसाचे शिंतोडे सोसतो, पण महिनोन्‌महिने साचलेलं पाणी सोसत नाही. सहा-सात पावसाळे आमच्या काचा पाय पाण्यात सोडून उभ्या होत्या.

“बसवणाऱ्यानं एवढं एकच सांगायला पायजे हुतं,” काका म्हणाले. मलाही तेच वाटतं. हजारो रुपयांची वस्तू घरात लावून जाताना दोन फटी दाखवायला किती वेळ लागतो?

त्या दिवशी काकांनी फक्त एवढंच सांगितलं की आधी भोकं मोकळी करा, मग काचेचं बघू. ते काम मी स्वतः केलं. वाळलेलं सिलिकॉन ब्लेडने कडा कापून चिमट्याने ओढलं तर सलग निघालं. रंगाऱ्याची पुट्टी मात्र टोकरून काढावी लागली, तासभर. खाचेतली काळी रेव जुन्या टूथब्रशने आणि कपडे धुवायच्या साबणाच्या पाण्याने साफ केली. थिनर वापरायचं नाही, यूपीव्हीसीचा वरचा गुळगुळीत थर त्याने जातो आणि मग तिथे मळ धरतो. आतल्या कप्प्यात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. ते विणायच्या सुईने फोडलं. मग खाचेत तांब्याभर पाणी ओतलं. आधी काहीच नाही. सुई पुन्हा फिरवली, आणि बाहेरच्या फटीतून मातकट पाण्याची धार लागली. चार मिनिटांत पाणी स्वच्छ यायला लागलं. घरी अशी खिडकी असेल तर दर मे महिन्यात हा तांब्याभर पाण्याचा प्रयोग करून बघा. पाणी ओतल्या ओतल्या बाहेर जायला हवं. साचून राहिलं, तर कुठे तरी अडलं आहे.

काच काढायला काका पुढच्या रविवारी आले, सोबत एक मुलगा. मी मदतनीस होते. काच पल्ल्यात चार पट्ट्यांनी धरलेली असते, तिला सगळे बीडिंग म्हणतात. ती खोलीच्या बाजूने असते. पातळ, रुंद पुट्टीची पट्टी सगळ्यात लांब बीडिंगच्या मधोमध फटीत घालायची, रबरी हातोडीने हलकेच ठोकायचं, आणि मधून उचलत कोपऱ्याकडे यायचं. बीडिंग कमानीसारखी वाकते आणि टोकं सुटतात. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर कोपराच तुटतो. काकांनी प्रत्येक पट्टीवर पेन्सिलने खूण केली, कारण दिसायला सारख्या असल्या तरी चारही आपापल्या जागीच नीट बसतात. परत लावताना क्रम उलटा: आधी आखूड दोन, मग लांब.

काचेच्या वजनाचा हिशेब मी आधीच करून ठेवला होता. एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाड काच अडीच किलोची. आमच्या पल्ल्याची काच ५५ सेंटिमीटर रुंद, १२० उंच. दोन्ही मिळून १० मिलिमीटर काच. म्हणजे साडेसोळा किलो. गव्हाचं छोटं पोतं उचलल्यासारखं, पण पकडायला कड धारेची. हातमोजे आणि बंद बूट घातल्याशिवाय काकांनी मला जवळ येऊ दिलं नाही. खाली दोन लाकडी पट्ट्या आणि त्यावर घोंगडी टाकली होती. टफन काचेला मधोमध बुक्की मारली तरी एक वेळ चालते. तिचा कोपरा फरशीवर टेकला तर ती जाते.

काच बाहेर आली तेव्हा पल्ल्याच्या खालच्या पोटात अजून पाणी होतं. फेब्रुवारी महिना, शेवटचा पाऊस होऊन तीन-चार महिने झालेले, आणि तिथे हिरवट-काळा गाळ, त्यात एक मेलेली गोम. काचेची खालची कड मी बोटाने दाबली. काळा थर जिथे वर घट्ट रबरासारखा होता, तिथे खाली ओल्या गुळासारखा मऊ, नखाने निघत होता. एका टोकाला काच आणि थर ह्यांच्यात पोस्टकार्ड जाईल एवढी फट. आजवर मी कुणाला कोंदटपणाबद्दल, गंजाबद्दल, ओलाव्याबद्दल जे शिकवलं ते सगळं त्या वीतभर जागेत दिसत होतं.

आणखी एक गोष्ट सापडली. काच पल्ल्यात थेट टेकलेली नसते, खाली प्लास्टिकचे चपटे तुकडे ठेवून त्यांवर उभी करतात. पॅकिंग म्हणतात त्याला. आमच्या पल्ल्यात खाली दोन हवे होते, एकच होता, आणि तोही नेमका पल्ल्याच्या भोकावर बसवलेला.

मापं मी घेतली, काकांनी तपासली. पल्ल्याच्या आतली रुंदी वर, मध्ये, खाली. उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे. ह्यातलं सगळ्यात कमी माप धरायचं आणि त्यातून दर बाजूला ५ मिलिमीटर, म्हणजे एकूण १०, वजा करायचे. जुन्या काचेचं माप आंधळेपणाने देऊ नये. आमची जुनी काच एका बाजूने ३ मिलिमीटर मोठीच निघाली. जाडी २२ च हवी, नाहीतर जुनी बीडिंग बसणार नाही. टफन हवी, आणि बाहेरचा थर सिलिकॉनचा हवा, हे कागदावर लिहून दिलं. टफन काच आली की ती पुन्हा एक मिलिमीटरसुद्धा घासता येत नाही, त्यामुळे माप चुकलं तर काच गेली. मी त्या रात्री पुन्हा उठून टेप लावून आले.

गावातल्या काचवाल्यांनी पुण्याहून जोड्या मागवल्या, दोन पल्ल्यांच्या दोन. बारा दिवस लागले. एक काच मला वाहतूक धरून तीन हजारांच्या थोडी वर पडली. साडेअठरा हजारांच्या जागी.

काचवाल्यांच्या दुकानात मी जुनी जोडी घेऊन गेले होते. त्यांनी कटर फिरवून थर कापला, दोन काचा सुट्या केल्या आणि मधली ॲल्युमिनियमची पट्टी मला दिली. पट्टीचं टोक कापून मी आतले दाणे कागदावर ओतले. मोहरीपेक्षा जरा मोठे, मातकट रंगाचे गोळे. त्यांच्याकडे बंद डब्यात नवे दाणे होते, तेही चमचाभर मागून घेतले. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन परीक्षानळ्यांत दोन्ही ठेवले आणि वर थोडं थोडं पाणी घातलं. नव्या दाण्यांची नळी हातात धरवेना इतकी तापली, बारीक बुडबुडे आले. जुन्यांची नळी होती तशीच गार. पाणी शोषताना ते दाणे उष्णता सोडतात. जुन्यांना शोषायला जागाच उरली नव्हती. बारावीच्या मुलांनी ती नळी हातोहात फिरवली. अधिशोषण उष्मादायी असतं हे वाक्य मी फळ्यावर लिहीत आले आहे, ते त्यांच्या तळहाताला त्या दिवशी कळलं.

काचवाल्यांनी एक गोष्ट सांगितली ती इथे लिहून ठेवते, कुणाला उपयोगी पडेल. जोडी जिथे सील होते तिथल्या हवेचा दाब तिच्या पोटात बंद होतो. पुण्यात बनलेली जोडी साताऱ्याला आणली तर फारसा फरक नाही, आपण पुण्यापेक्षा शे-दीडशे मीटरच उंच. पण तीच महाबळेश्वरला नेली, तेराशे मीटरच्या वर, तर बाहेरचा दाब कमी पडतो आणि काचा दोन्हीकडे पोट काढतात. तिकडे बंगला बांधणाऱ्याने ऑर्डर देतानाच जागेची उंची सांगावी, म्हणजे बनवणारे त्याची सोय करतात. शिवाय तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथली भोकं बुजली तर काय होत असेल, हे मी आता डोळ्यांसमोर आणू शकते.

नवी काच बसवताना खरं कसब पॅकिंगचं. पल्ला एका बाजूला बिजागरीवर लटकलेला असतो, त्यामुळे काचेच्या वजनाने कडीची बाजू हळूहळू खाली येते. फाटक लोंबू नये म्हणून त्याला तिरपी पट्टी मारतात. इथे ते काम काचच करते. बिजागरीच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात पॅकिंग, आणि कडीच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात पॅकिंग. ह्या दोन कोपऱ्यांमध्ये काच कर्णासारखी अडकते आणि पल्ल्याचा लोंबणारा कोपरा उचलून धरते. काकांनी वरच्या कोपऱ्यात एक पॅकिंग घातलं, पल्ला लावून पाहिला, काढून जरा जाड घातलं, पुन्हा पाहिला. तिसऱ्या वेळी कडी एका बोटाने फिरली. आठ वर्षं मी त्या पल्ल्याला खांद्याने ढकलून कडी लावत होते.

ते बघून मामा म्हणाले, “माझ्या खोलीची पण बघा की.”

मामांच्या खिडकीची काच चांगली होती, पण गेली दोन-तीन वर्षं हायवेचा आवाज वाढल्याची त्यांची तक्रार होती. आम्ही सगळे समजत होतो, ट्रक वाढलेत. काकांनी वहीचा कागद फाडून पट्टी केली, पल्ल्यात धरून कडी लावली आणि ओढली. खालून सहज निघून आली. वरच्या बाजूला घट्ट. असं चारही कडांनी पाहिलं. मग मी देवघरातून उदबत्ती आणली आणि कडेकडेने फिरवली. कडीच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात धूर आडवा झाला. आवाज हवेच्या वाटेनेच येतो. दोन काचा कितीही चांगल्या असल्या तरी कडेला सुईएवढी फट राहिली की अर्धा उपयोग गेला.

पल्ल्याच्या कडेला कडीच्या पट्टीवर छोटी गोल बटणं असतात, ती फ्रेममधल्या खाचांत अडकतात. ही बटणं मधोमध नसून किंचित एका बाजूला सरकवून बसवलेली असतात. ४ मिलिमीटरच्या एलन कीने ती थोडी फिरवली की पल्ला रबरावर जास्त दाबला जातो. पाव फेरा पुरतो. काकांनी खालची दोन फिरवली, एक पॅकिंग बदललं. कोपऱ्यात रबर आक्रसून सुटलं होतं, तेवढं नवं घातलं. नवं रबर ओढून ताणून बसवायचं नाही, उलट जरा जास्तीचं दाबत बसवायचं, कारण ते काही महिन्यांत आखडतं. आणि रबराला कधीही खोबरेल, ग्रीस, इंजिनचं तेल लावू नये. फुगतं आणि खराब होतं. साबणाच्या पाण्याने पुसलं, फार तर सिलिकॉनचा स्प्रे मारला की पुरे.

काम संपल्यावर मामा कॉटवर बसले, डोळे मिटले आणि ऐकत राहिले. हायवेवरून गाड्या चालल्याच होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाले, “इंजिन न्हाई ऐकू येत. नुसता हॉर्न येतोय.” हॉर्न येणारच. दोन्ही काचा एकाच जाडीच्या असल्या की एकाच पट्टीतला आवाज दोन्हींना सारखाच हलवतो. आता नव्याने घ्यायची वेळ आली तर मी मामांच्या खोलीला ६ आणि ४ ची जोडी घेईन, मध्ये तीच १२ ची पोकळी. जाडी २२ च होते, वजनही तेवढंच, खर्चात फारसा फरक नाही. हे आम्हाला २०१६ साली कुणी सांगितलं असतं तर.

भिंत आणि फ्रेम ह्यांच्यातली फट हे शेवटचं काम. तिथला पिवळा फोम जिथे उघडा पडला होता तिथे उन्हाने भुगा झाला होता. फोम आतून भरायचा आणि बाहेरून सिलिकॉनने झाकायचा, उन्हात उघडा ठेवायचा नाही. सिलिकॉन आणताना ‘न्यूट्रल’ म्हणून मागायचं. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते स्वस्त सिलिकॉन सिमेंटला नीट धरत नाही आणि काचेच्या जोडीच्या थरालाही बाधतं. मी २०१७ साली तेच आणलं होतं. भरून वाळल्यावर मे महिन्यात पाइप लावून पाहिलं: आधी फक्त खालच्या कडेला पाच मिनिटं, मग बाजूंना, मग वर. एकदम वरून पाणी मारलं तर कुठून शिरतंय ते कळत नाही.

पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आला, रात्री, पश्चिमेकडूनच. मी बॅटरी घेऊन वरच्या खोलीत गेले. खाचेत पाणी उतरत होतं, पण साचत नव्हतं. बाजूची छोटी झडप उघडून बाहेर वाकले आणि फ्रेमच्या खाली उजेड धरला. दोन्ही फटींमधून पाणी बाहेर येत होतं, बारीक, सलग. ह्यांना हाक मारून दाखवलं. मुलाला झोपेतून उठवलं नाही, पण मन झालं होतं.

सकाळी बाहेरून पाहिलं तर दोन्ही फटींच्या बरोबर खाली भिंतीवर ओल्या रेघा. पाणी खिडकीखालच्या ग्रॅनाइटच्या पट्टीवर उतरत होतं, तिच्या कडेवरून वळून पोटाखालून पुन्हा भिंतीला लागत होतं. पट्टीच्या खालच्या अंगाला कडेपासून बोटभर आत एक खाच मारलेली असती तर ते तिथेच तुटून खाली टपकलं असतं. गवंड्याला दाखवलं. ग्रॅनाइट न काढता ग्राइंडरने खाच मारता येईल म्हणाला, परांची बांधावी लागेल. पावसाने उघडीप दिली की येतो, गणपतीच्या आधी.